साडेसातच्या आधी

संस्थेच्या तीन मजल्यांवर मिळून ऐंशी-नव्वद माणसे काम करीत आणि त्या सगळ्यांची एकच मावशी होती. शास्त्रज्ञ तिला मावशी म्हणत, विद्यार्थी मावशी म्हणत, फाटकावरचा पहारेकरी वयाने तिच्याहून चांगला चार वर्षांनी थोरला, तोही मावशीच म्हणे. भाचरांच्या या गोतावळ्यातल्या एकानेही एकोणीस वर्षांत तिला तिच्या कामाविषयी एक धड प्रश्न विचारला नव्हता. "माय मरो आणि मावशी उरो, असं ज्यानं म्हणून ठेवलं त्याला ठाऊक नसणार," ती नवऱ्याला म्हणे, "की उरलेल्या मावशीला लेंड्या गोळा करायला ठेवतात."

तिचा राग भडकणाऱ्यांतला नव्हता. मंद आचेवर ठेवून विसरलेल्या भांड्यासारखा तो दिवसभर बुडाशी लागत राही. आवाज चढत नसे, खराट्याचा चढे. शेडच्या फरशीवरून खराटा कसा फिरतो आहे हे ऐकून फाटकावरचा पहारेकरी सांगू शकत असे की आज वरून कोणी खाली येऊन बोलून गेले आहे.

शेड म्हणजे मुख्य इमारतीच्या मागची लांबट खोली. पाटीवर 'प्राणिशाळा' असे लिहिलेले, पण तो शब्द पाटीखेरीज कोणाच्या तोंडी नव्हता. दोन्ही भिंतींना सहा-सहा कप्पे, मधून उताराची मोरी, वर एकच झरोका, दाराशी दिव्यांच्या वेळेची पेटी, छताला चार कॅमेरे. फिनेलचा आणि मुताचा मिळून एक वास, जो मावशीच्या नाकाला केव्हाच येईनासा झाला होता आणि तिच्या शेजारणीच्या नाकाला मात्र जिन्यातूनच येई. कप्प्यांत बारा शेळ्या. कानांत पिवळे बिल्ले, बिल्ल्यांवर एक ते बारा आकडे.

हे काम तिला शिकवले ते तिच्या आधीच्या रखवालदाराने. त्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि तो निवृत्त होऊन, पुढे वारूनही आता बरीच वर्षे झाली होती. उस्तादाने तिला कागद कसे भरायचे ते शिकवले नाही, कारण ते त्यालाच येत नव्हते. एक रीत शिकवली. सकाळी दार उघडले की आधी पडलेले जनावर उभे करायचे. मग गव्हाण, मग झाडू, आणि सगळ्यांत शेवटी आपला चहा. रवंथ करणारे जनावर कुशीवर पडून राहिले की पोट फुगते, आणि पोट फुगलेले जनावर दुपार पाहत नाही. डावा हात छातीखाली, उजवा गुडघा मांडीखाली, जनावराने श्वास आत घेतला की त्या श्वासाबरोबर उचलायचे. "ती स्वतः उठली असं तिला वाटलं पाहिजे," उस्ताद म्हणे. "नाहीतर उद्या ती तुझी वाट बघत पडून राहील."

एकोणीस वर्षे मावशीने ही रीत मोडली नाही. अंगात ताप असतानाही नाही, आणि सात वर्षांपूर्वी खुराकाचे पोते वळवताना कमरेत सुकी काटकी मोडल्यासारखे काही वाजले, त्यानंतरही नाही. त्या आवाजापासून उजव्या कुल्ल्यात एक तार पेटली, ती थेट करंगळीपर्यंत उतरली आणि पुन्हा कधी विझली नाही. आता तिचे मोजे नवरा घालून देई. कोणाच्या घरी गेली तर ती बसत नसे. उभ्यानेच चहा घेई. लोक म्हणत, किती घाईत असते बिचारी. घाई नव्हती. बसणे जमत होते. उठणे हा तमाशा होता, आणि तो तिने नवऱ्याखेरीज कोणाला दाखवला नव्हता.

या कमरेचा फोटो सरांनी स्वतः पाहिला होता. सर म्हणजे या प्रयोगाचे मुख्य; उंच, मऊ आवाजाचे, कधीही न रागावणारे गृहस्थ. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून त्यांनी तिला एक-एक मणका दाखवला होता. दोन मणक्यांच्या मध्ये एक-एक चकती. वरच्या चकत्या पांढऱ्या, भरलेल्या, आणि खालून दुसरी काळी, चपटी. "हिच्या आतला गर सुकलाय, मावशी. बाहेरचं कडं चिरलंय. आणि चकतीला रक्त पोचत नाही, त्यामुळे ती आपली आपण भरून येत नाही. आम्ही काय करतोय, तर नव्या पेशी एका जेलमध्ये घोळवून सुईनं आत सोडायच्या. त्या तिथं वस्ती करतील, नवा गर तयार करतील."

मावशीने विचारले होते, "रक्तच पोचत नाही तर त्या नव्यांना खायला कोण घालणार?"

सर मनापासून हसले होते. "मावशी, तुम्ही पीएचडी करायला हवी होती." हेच वाक्य त्यांनी नंतर वर जाऊन चार जणांना सांगितले, आणि चौघेही हसले. प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी दिले नाही. कौतुक हेही तोंड बंद करण्याचे एक साधन असते, हे मावशीला त्या दिवशी पुरते कळले.

पण सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. शेळ्यांवरचा प्रयोग खरा उतरला की पाठोपाठ माणसांवर, आणि पहिल्या दहा माणसांत मावशीचे नाव. तिने संमतीपत्रावर सही केली होती. तारीख ठरली होती, तीन आठवड्यांनंतरची. देवावर तिचा फारसा विश्वास नव्हता आणि डॉक्टरांवर मुळीच नव्हता, पण त्या सुईवर तिने सात वर्षांची सगळी आशा ठेवली होती. फार मोठी नाही. वाकून स्वतःचा मोजा स्वतः घालायचा, एवढीच.

बाराही शेळ्यांची एकेक चकती आधी मुद्दाम बिघडवलेली होती. मग आठ जणींना पेशींचे जेल दिले, चौघींना नुसते सलाईन. कोणाला काय, हे शेडमध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. ती यादी वर एका बंद पाकिटात होती. नव्वद दिवसांची नोंद व्हायची होती. रोज सकाळी साडेसातला दिवे आपोआप लागत, कॅमेरे सुरू होत, आणि उजेड झाल्यापासून कोणती शेळी किती वेळात उठून उभी राहते, ते आठ वाजेपर्यंत टिपले जाई. पाठ दुखणारे जनावर उशिरा उठते, हे गणित. कॅमेऱ्यांबद्दल मावशीला एकच सूचना होती: वायरीला हात लावायचा नाही. ते काय मोजतात हे तिला सांगावे असे कोणाला वाटले नाही. मावशी येई पावणेसातला, झरोक्याच्या उजेडात; चारा मात्र आठनंतरच पडे.

नव्वदाव्या दिवशी त्या बाराही जणी वर जाणार होत्या, आणि वर गेलेली शेळी खाली येत नसते. ते मावशीला ठाऊक होते. ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

ऐंशीवा दिवस. पाकीट आदल्या दिवशी वेळेआधीच फोडले होते, कारण सरांना अहवाल पाठवायची घाई होती. दुपारी चष्मेवाली खाली आली. कॅमेऱ्यांच्या चित्रफितींतून वेळा काढायचे काम हिचे. पस्तिशीची, जाड भिंगांची, मनाने सरळ. वरच्या मजल्यावरून आपला चहा हातात घेऊन शेडमध्ये येणारी ती एकटीच.

"मावशी, तुमच्यासाठी आणलंय. तुमचंच आहे हे, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला दाखवावं." तिने टॅबचा पडदा मावशीपुढे धरला. "ही उभी रेघ म्हणजे दिवा लागायची वेळ. हे काळे ठिपके सलाईनवाल्यांचे. दिवा लागला की दोन-तीन मिनिटं आळोखेपिळोखे देतात, मग उठतात. आणि हे हिरवे बघा, जेलवाल्यांचे."

"हे तर रेघेवरच आहेत."

"तेच तर. दिवा लागायच्या आधीच उभ्या. सगळ्या आठ नाहीत, चार जणी काळ्यांसारख्याच आहेत. पण या चौघींनी सगळी सरासरी ओढून नेली. ऐंशी दिवसांत एक दिवस चुकल्या नाहीत."

"कुठल्या चौघी?"

"तीन, सात, नऊ, अकरा."

खराटा थांबला. तीन नंबरची डाव्या अंगाला झुकते. नऊ नंबर उचलताना कण्हते. अकरा सगळ्यांत जड. आणि सात म्हणजे साहेबीण. शिळ्या चाऱ्याकडे ढुंकून पाहत नाही म्हणून मावशीने तिला ठेवलेले नाव. या चौघींना ती आकड्यांनी ओळखत नव्हती. डाव्या हाताने आणि उजव्या गुडघ्याने ओळखत होती.

"त्या उठत नाहीत," मावशी म्हणाली.

"अहो, उठतात ना. हे बघा..."

"त्या उठत नाहीत. मी उठवते. रोज. पावणेसातला आले की."

चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पडद्यावरचे हिरवे ठिपके होते तिथेच होते. "तुम्ही कधी बोलला नाहीत, मावशी."

"तू कधी विचारलंस?"

चष्मेवाली खाली बघत म्हणाली, "त्या चौघींच्या फोटोत मणक्याच्या कडेला हाडाचा बारीक कोंब दिसतो. सुईच्या भोकातून जेल बाहेर झिरपलं असेल, आणि पेशी जिथं पडल्या तिथं त्यांनी हाड तयार केलं असेल. मी सरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, बारीक आहे. आणि इतक्या तरतरीत उठताहेत म्हटल्यावर त्यानं काही अडत नाहीये."

म्हणजे असे होते. कोंब त्यांना दिसला होता. तो नसेवर टेकला असेल का, हा प्रश्नही पडला होता. उत्तर शेळ्यांनी द्यायचे होते, आणि शेळ्यांच्या वतीने ते रोज पावणेसातला मावशीने देऊन टाकले होते, गुडघा लावून.

ती तशीच वर गेली, गमबूट न काढता. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर उजव्या पायातली तार वाजत होती, आणि पुसलेल्या पायऱ्यांवर ओल्या बुटांचे ठसे उमटत होते. उमटू देत, तिने मनात म्हटले. एरवी ते तिलाच पुसायला लावले असते.

सरांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. तिने जे होते ते चार वाक्यांत सांगितले. सरांनी मध्ये एकदाही तोडले नाही, आणि तिचे बोलणे संपल्यावर पेन टेबलाच्या कडेला समांतर लावून ठेवले.

"मावशी, तुम्ही प्रामाणिकपणे सांगायला आलात, याचं मला कौतुक आहे."

"कौतुक नको."

"बरं, नको. पण एक विचार करा. तुम्ही हात लावता म्हणून त्या उठतात, असं तुम्हाला वाटतं. कदाचित त्या उठतच असतील आणि तुमचा हात नुसता लागत असेल."

"पंचेचाळीस किलोचं जनावर उचलते, तो हात नुसता लागतो होय?"

"तसं नव्हे. वाटणं वेगळं, नोंद वेगळी. तुमच्याच वहीत काय लिहिलंय ते बघू." त्यांनी शेडची वही आधीच मागवून घेतली होती, चष्मेवालीने खालून फोन केला असणार, आणि त्या एका गोष्टीचा राग मावशीला पुढे कितीतरी दिवस राहिला. सरांनी पाने उलटली. चारा, पाणी, लेंड्या, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ऐंशी दिवस, एकाखाली एक, तिच्याच हातचा एकच शब्द होता: ठीक.

त्या शब्दालाही इतिहास होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने शेऱ्यात लिहिले होते, 'ही घाबरलेली वाटते.' सरांच्या आधीचे जे सर होते त्यांनी ते तांबड्या शाईने खोडून खाली लिहिले होते, 'मत नको. नोंद हवी.' त्या दिवसापासून तिने मत दिले नाही. ठीक, ठीक, ठीक. तिची जीभ आधी त्यांनी कापली होती, आणि आता तीच जीभ पुरावा म्हणून टेबलावर मांडली जात होती.

"मग आता घ्या नोंद," ती म्हणाली. "दहा दिवस आहेत अजून कॅमेरे."

"ते चालू राहतीलच, नियम आहे. पण अहवाल गेलाय, मावशी." सर उठून तिच्या बाजूला आले. आवाज आणखी मऊ झाला. "आणि तुमच्या भल्याचं सांगतो. हे उकरलं तर किमान दोन-तीन वर्षं गेली. सगळं पहिल्यापासून. तुमचं नाव पहिल्या दहांत आहे. तुमच्या त्या चकतीकडे दोन-तीन वर्षं आहेत का? तुम्हाला अजून चालता येतंय तोवर..."

"शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, हे ऐकलं होतं," मावशी म्हणाली. "खाणारा म्हणतो, बघा, कशी उड्या मारत आली, हे पहिल्यांदाच ऐकतेय."

सर हसले नाहीत. त्या दिवशी पीएचडीचेही काही बोलले नाहीत.

घर म्हणजे दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीचा रस्त्याकडचा अर्धा भाग नवऱ्याचे दुकान. नवरा कुलूपवाला. भिंतीवर खिळ्यांना किल्ल्यांचे झुपके, टेबलाला कुलूप पकडून ठेवायचा लोखंडी शेगडा, शेगड्यात नेहमी कुठलेतरी कुलूप पोट उघडून पडलेले. त्याने तिचे मोजे काढले, सगळे ऐकून घेतले, आणि हातातला मोजा झटकत म्हणाला, "गप्प बस."

"अहो, पण..."

"पण नाही न् बिण नाही. तीन आठवडे राहिलेत. रोज सकाळी तुझा पाय माझ्या मांडीवर घेतो मी. तोंड दुसरीकडे करून तू दात चावतेस ते मला कळत नाही का? आठ जणींतल्या चार बिघडल्या. म्हणजे चार नाही बिघडल्या. निम्मी संधी आहे. मी तर निम्म्यावर लग्न केलं होतं."

"आणि बिघडले तर? मला कोण उठवणार पावणेसातला?"

"मी आहे की."

"म्हणजे मग मीपण हिरव्या ठिपक्यात."

शेगड्यातले कुलूप काढून कुलूपवाल्याने विनाकारण दोनदा उघडले, लावले. मग, सांगायचे नसताना सांगितल्यासारखे, तो बोलू लागला. "तुला ती पिठाच्या दुकानाजवळची बाई आठवते? तिचं दाराचं कुलूप मी दुरुस्त करून दिलं होतं. माझ्या हातानं उघडायचं, तिच्या हातानं नाही. तीनदा येऊन गेली बिचारी. तीनदा मी गेलो, किल्ली फिरवली, खट्कन उघडलं. मी तिला म्हटलं, बाई, तुमच्या हातातच दोष आहे. चौथ्यांदा ती रडायलाच लागली."

"मग?"

"मग कळलं. दार खाली बसलं होतं. किल्ली फिरवताना मी डाव्या हातानं दार किंचित वर उचलत होतो. तीस वर्षांची सवय, माझं मलाच माहीत नाही. कुलूप मुळात दुरुस्त झालंच नव्हतं."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दोन्ही हात खिशात घातले आणि तिला म्हटलं, तुम्ही उघडा, मी नुसता बघतो." एवढे बोलून त्याला आपण काय बोललो ते उमगले. कुलूप त्याने टेबलावर आपटले. "माझं तोंडच शिवून टाकायला पाहिजे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मावशीने शेडचे दार उघडले. बारा डोकी वळली. आठ जणी आपापल्या जागी पाय मुडपून आरामात रवंथ करीत होत्या. त्यांना तिने कधीच उचलले नव्हते, कारण त्यांना गरज नव्हती. तीन, नऊ आणि अकरा कुशीवर पडलेल्या. साहेबीण पुढचे पाय अंगाखाली घेऊन, मागचे एका बाजूला फेकल्यासारखे ठेवून दाराकडे बघत होती. उस्तादाने सांगितले होते ते खरे ठरले होते. ती वाट बघत होती.

मावशीने बादली पालथी घातली, मोरीच्या कडेला, बरोबर मधल्या कॅमेऱ्याखाली, आणि तीवर बसली. उभी राहिली असती तर हात गेलेच असते. इतक्या खाली बसल्यावर तिला पटकन उठता येणार नव्हते, हाच तिने स्वतःला घातलेला अडसर. मग कामाच्या कोटाच्या खिशांत दोन्ही हात घातले.

पाऊण तास. आयुष्यात तिने कामाच्या वेळी इतका वेळ काही न करता घालवला नव्हता. अकरा नंबर ओरडू लागली. तिचे ऐकून नऊ. खिशातले हात मुठी झाले. पाऊण तासात पोट फुगत नाही, हे तिला ठाऊक होते. पण एकोणीस वर्षे शरीरात मुरलेली रीत हिशेब ऐकत नाही, ती नुसती डोळे वटारून समोर उभी राहते. मावशी शेळ्यांशी बोलू लागली, हळू आवाजात, एकसुरी, आणि त्यातले एकही वाक्य शेळ्यांना उद्देशून नव्हते. वर बसलेल्यांचा तिने उद्धार केला. तांबड्या शाईचा केला. हळूहळू मऊ होत जाणाऱ्या आवाजांचा केला. मग तिचा स्वतःचाच नंबर आला, आणि तिथे ती सगळ्यांत कठोर झाली. ऐंशी सकाळी तिने या चौघींच्या दुखण्यावर आपल्या गुडघ्याने पांघरूण घातले होते. दया आली म्हणून. पुढे काय होते ते न बघता आलेली दया. उचलले, उभे केले, ठीक म्हणून लिहिले आणि चहाला गेली. तिने तरी कोणाला काय विचारले होते? तो कॅमेरा काय बघतो, एवढे विचारायला काय तोंडाला लकवा भरला होता?

साडेसातला दिवे लागले. छतावर चार तांबडे ठिपके उमटले. आठ जणी एकेक करीत उठल्या, पाठ ताणली, अंग झटकले. तीन नंबरने मान उचलली आणि पुन्हा ठेवली. साहेबीण पुढच्या गुडघ्यांवर आली, मागचा भाग वर ओढला, अर्ध्यावर डावा पाय थरथरला, आणि ती बसली. थोडे थांबून पुन्हा. पुन्हा बसली. तिसऱ्यांदा पडल्यावर तिने मावशीकडे बघणे सोडून दिले आणि भिंतीकडे तोंड केले. ते मावशीला सहन होईना. मावशी बघत राहिली.

पुढचे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. असे दहा दिवस झाले, आणि दहाही दिवसांच्या चित्रफितींत बादलीवर बसलेली एक बाई आणि पडलेल्या चार शेळ्या दिसत होत्या. चष्मेवालीने त्या वेळा, आधीच्या वेळांशेजारी मांडून, सरांना न विचारता परवानगी देणाऱ्या समितीकडे पाठवल्या. अहवाल परत आला. माणसांवरचा प्रयोग थांबला. पुन्हा कधी, ते कोणी सांगितले नाही. तीन आठवड्यांनंतरची ती तारीख आली आणि गेली, आणि त्या सकाळीही कुलूपवाल्याने नेहमीसारखा तिचा पाय मांडीवर घेतला. बाराही शेळ्या नियमाप्रमाणे वर गेल्या. सर आता तिला मावशी म्हणत नाहीत. काही हाकच मारत नाहीत. चष्मेवालीची बदली झाली. शेडच्या वहीत शेऱ्याचा रकाना मात्र तिने जाण्याआधी दुप्पट रुंद आखून घेतला. मावशीचा राग यातल्या कशानेही कमी झाला नाही. न्याय झाला असे तिला वाटत नाही. दोन-तीन वर्षांनी खरेच काही चांगले निघेलही, निघावेही. पण तिची चकती तोवर थांबणार नाही, आणि चौघींचा कोंब तिच्या गुडघ्याने झाकला होता, ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नाही, स्वतःला तर नाहीच.

पण त्या पहिल्या सकाळी यातले काहीच अजून झालेले नव्हते. पावणेआठला चष्मेवाली धावत खाली आली. तिने वर पडद्यावर पाहिले असणार. दारातच थांबून तिने आधी साहेबिणीकडे पाहिले, मग बादलीकडे.

"मावशी, मी उचलते तिला. कसं धरायचं ते सांगा."

"हात खिशात घाल."

चष्मेवालीने घातले. मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "काल फोन मीच केला होता. सरांना. घाबरले मी."

"ठाऊक आहे. ते आपण नंतर बघू." मावशीने पाय सरळ करून पाहिला. उजवा पाय कमरेपासून खाली दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा पडला होता. "किती वाजले?"

"आठला सात कमी."

"कॅमेरा आठला बंद होतो ना?"

"हो. चला, उठा आता. माझा हात धरा." चष्मेवालीचा हात खिशातून निघाला.

"मागे हो," मावशी म्हणाली. "तुझ्याकडे घड्याळ आहे ना? मग बघ."

आणि तिने उठायला सुरुवात केली. आधी दोन्ही हात गुडघ्यांवर. मग पुढे झुकून कप्प्याचा गज. अर्ध्यावर कंबर अडली, तोंडातून आवाज निघाला, आणि ती परत बादलीवर बसली. चष्मेवालीचा हात पुन्हा पुढे आला. मावशीने नुसते तिच्याकडे पाहिले, आणि हात मागे गेला. दुसऱ्यांदा ती गजाच्या आणखी खालच्या आडव्या दांडीला धरून वळली, कुशीवर, मग एका गुडघ्यावर, फरशीच्या ओलीवर, चेहरा कप्प्याच्या जाळीला टेकलेला. पलीकडे हातभर अंतरावर साहेबीण होती. तिने भिंतीकडचे तोंड वळवले होते आणि आता तीच बघत होती. गज, दुसरा गज, वरची दांडी. तारेने पायातून करंगळीपर्यंत उडी घेतली. मावशी उभी राहिली.

"किती?"

"पाच मिनिटं," चष्मेवाली म्हणाली, "दहा सेकंद."

"वहीत लिही. शेऱ्यात. माझा बिल्ला नाही, तर तेरा नंबर म्हणून लिही."

वर तांबडे ठिपके विझले. मावशीने कप्प्याची कडी काढली, डावा हात साहेबिणीच्या छातीखाली घातला, आणि तिच्या श्वासाची वाट बघत थांबली.